दिवाळीची सायकल जूनमध्येच दिली तर?

काकू, नमस्कार.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातून लिहिते. पाच एकर कोरडवाहू आहे, कापूस आणि सोयाबीन. मोठी मुलगी यंदा आठवीत जाते, धाकटा तिसरीत. गावातली जिल्हा परिषदेची शाळा सातवीपर्यंतच आहे. आठवीपासून चार किलोमीटरवरच्या गावी जावं लागते. एसटी फाट्यावरून जाते, फाटा गावापासून लांब, आणि पावसाळ्यात तिचा काही भरवसा नसतो.

मुलीला सायकल घेऊन देऊ असं आम्ही मागच्या दिवाळीलाच कबूल केलं होतं. पण सप्टेंबरच्या पावसात सोयाबीन उभ्यानं सडलं. दिवाळी कशीबशी निभावली. तेव्हा हे म्हणाले, पुढच्या दिवाळीला नक्की. मुलगी समजूतदार आहे, तिनं पुन्हा विषयच काढला नाही.

माझ्या खात्यात लाडकी बहीणचे चार महिन्यांचे सहा हजार जमले आहेत. शाळा उघडायच्या आधीच सायकल घ्यावी असं मला वाटते. हे म्हणतात, "ते पैसे आता खतात घालू. दिवायीले सोयाबीन आलं का घेऊच ना." सासूबाई म्हणतात, "सनाची वस्तू सनालेच द्यावं. आता देसान तं दिवायीले पोरगी तोंड पाडून बसन." धाकटा म्हणतो, ताईला आता तर मलाही आताच.

लवकर दिलं तर तिला मागितलं की मिळते अशी सवय लागेल का? मग दिवाळीला काय द्यायचं? आणि न सांगता आणून चकित करावं, की तिलाच दुकानात घेऊन जावं?

– दोन लेकरांची आई

ताई,

सायकल आताच घ्या. शाळा उघडण्याआधी घ्या, आणि ती दिवाळीची म्हणूनच द्या. दुकानात जाण्याआधी शाळेत एक चौकशी करायची आहे, ती खाली सांगते. तुमच्या यजमानांचं म्हणणंही बाजूला सारण्यासारखं नाही, त्यावरही लिहिते. पण आधी तुमच्या पत्रातल्या एका वाक्याबद्दल बोलू द्या, कारण माझं मन तिथंच अडकून पडलं आहे.

"मुलगी समजूतदार आहे, तिनं पुन्हा विषयच काढला नाही."

आपल्याकडे हे कौतुकानं सांगितलं जातं. शेतकऱ्याच्या घरातल्या लेकरांना पैशाची ओढाताण समजावून सांगावी लागत नाही. बाप बाजार समितीतून परत आल्यावर चपला कशा काढतो, पाणी मागतो की न मागताच खाटेवर बसतो, एवढ्यावरून त्यांना त्या दिवशीचा भाव कळतो. मग ती मागणंच सोडून देतात. आपण चारचौघींत सांगतो, आमच्या पोरीला कशाचाच हट्ट नाही.

तिनं विषय काढला नाही याचा तुम्ही लावलेला अर्थ खराच असेल. तिला परिस्थिती कळते. पण त्याला दुसरी बाजूही असू शकते. आपल्या घरात कबूल केलेली गोष्ट पावसावर असते, भावावर असते, तेव्हा तिच्यात जीव अडकवू नये, असं तिनं मनाशी ठरवून टाकलं असेल. वाट पाहणारं मूल विचारत राहतं. दिवाळीला किती दिवस राहिले, लाल मिळेल का, मैत्रिणीसारखी समोर टोपली असेल का. तुमच्या मुलीचं हे विचारणंच थांबलं आहे. मला तो धीर वाटत नाही. तिनं आशा सोडल्याची ती खूण असावी, असं मला वाटतं, आणि म्हणूनच या पत्राला पुढच्या महिन्यासाठी न ठेवता लगेच उत्तर देते आहे.

लवकर दिल्यानं मूल बिघडेल का, धीर धरायला शिकणार नाही का, हा प्रश्न जगभरच्या आयांना पडतो. मुलांच्या धीरावरचा सगळ्यांत गाजलेला प्रयोग अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात वॉल्टर मिशेल यांनी १९६०-७०च्या दशकांत केला. लहान मुलासमोर मार्शमॅलो नावाची साखरेची मऊ मिठाई ठेवायची आणि सांगायचं, मी परत येईपर्यंत खाल्ली नाहीस तर दोन देईन. जी मुलं थांबली ती पुढे अभ्यासात चांगली निघाली, असं त्यावरून सांगितलं जाऊ लागलं. पुढे जास्त मुलं घेऊन तपासलं तेव्हा तो संबंध बराच कच्चा निघाला. घरची परिस्थिती हिशेबात धरली की त्यातला मोठा भाग उरतच नाही.

मला त्यातला २०१३ सालचा प्रयोग जास्त महत्त्वाचा वाटतो. रॉचेस्टर विद्यापीठातल्या सेलेस्ट किड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीन ते पाच वर्षांची मुलं घेतली. मिठाई समोर ठेवण्याआधी त्यांना चित्रं काढायला बसवलं आणि सांगितलं, जरा थांब, याहून चांगले रंग आणून देते. काही मुलांना ते रंग खरोखर आणून दिले. बाकीच्यांकडे रिकाम्या हातानं परत येऊन सांगितलं, नाहीत, संपले. त्यानंतर मिठाई समोर ठेवली. ज्यांना रंग मिळाले होते ती मुलं सरासरी १२ मिनिटं थांबली. ज्यांना मिळाले नव्हते ती सरासरी ३ मिनिटं. त्या तीन मिनिटांत मिठाई खाऊन टाकणाऱ्या मुलांना मी अधीर म्हणणार नाही. दुसऱ्यांदा शब्दावर विसंबून बसायचं नाही, एवढं ती शिकली होती.

मागच्या वर्षी तुमच्या घरी रंग संपले, यात कुणाचाही दोष नाही. सप्टेंबरचा पाऊस कुणाच्या हातात नव्हता. पण आता तोच शब्द, त्याच पिकाच्या भरवशावर, तिला पुन्हा द्यायचा का, हे ठरवणं तुमच्या हातात आहे.

"सोयाबीन आलं का घेऊ" यात किती गोष्टी दडल्या आहेत ते तुम्हाला माझ्याहून चांगलं ठाऊक आहे, तरी एकदा ओळीनं मांडते, कारण घरी बोलताना उपयोगी पडेल. जूनच्या अखेरीला किंवा जुलैच्या सुरुवातीला पेरणी, शंभर-एकशेदहा दिवसांचं पीक, म्हणजे सोंगणी दसऱ्याच्या आगेमागे. तेवढ्यात परतीचा पाऊस आला की गंजी ताडपत्रीखाली. हमीभावानं विकायचं तर ओलावा १२ टक्क्यांच्या आत लागतो. मागच्या हंगामात हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये होता, पण तो मिळवायला नोंदणी, मग मेसेजची वाट, मग पैसे खात्यात यायची वाट. तेवढा दम नसला की व्यापारी म्हणेल त्या भावात. आणि पैसा हातात आला की दारात कृषी केंद्राची उधारी, सोंगणीची मजुरी, थ्रेशरवाला, हरभऱ्याचं बियाणं. सायकल या रांगेत सगळ्यांत मागे उभी असते. तुमचे यजमान खोटं बोलत नाहीत. त्यांना मनापासून वाटतं की दिवाळीला घेऊच. पण हा शब्द पाळणं त्यांच्या एकट्याच्या हातात नाही.

आता कॅलेंडर बघा. उन्हामुळे आपल्या विदर्भात शाळा बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या शेवटी उघडतात. यंदा अधिक ज्येष्ठ आल्यामुळे दिवाळी लांबली आहे, लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे. सायकल दिवाळीत आली तर पहिलं सत्र संपलेलं असेल, सहामाही परीक्षा झालेली असेल, आणि ती दारात उभी राहील त्या दिवशी शाळेला सुट्टी असेल. आषाढ, श्रावण, भाद्रपद, हे चिखलाचे तिन्ही महिने मुलगी पायी. जाऊन-येऊन आठ किलोमीटर, म्हणजे दप्तर पाठीवर घेऊन दिवसाचे दोन तास. हे दोन तास तिच्या झोपेतून जाणार, नाहीतर अभ्यासातून. पोरींच्या बाबतीत घरकामातून सहसा जात नाहीत. शाळा सुटून परत येईस्तोवर पावसाळी आभाळानं अंधारून आलेलं असतं, कापूस कमरेएवढा झालेला असतो, आणि रस्त्यावर माणूस नसतं. मग एखाद्या दिवशी सोबतीण आली नाही म्हणून आपली पोरगी घरी राहते. मग निंदणाच्या दिवसांत, "जाऊ दे, आज राहू दे घरी." सातवी चांगल्या गुणांनी झालेल्या किती मुली याच पहिल्या पावसाळ्यात शाळेतून हळूहळू गळतात, हे तुमच्या गावातली कोणतीही शिक्षिका सांगेल.

सायकलीनं यात किती फरक पडतो, हे बिहारमध्ये मोजून झालं आहे. तिथल्या सरकारनं २००६ साली नववीत जाणाऱ्या मुलींना सायकलीसाठी पैसे द्यायला सुरुवात केली. कार्तिक मुरलीधरन आणि निशिथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी त्याचा अभ्यास केला, तो २०१७ साली प्रसिद्ध झाला. योग्य वयात माध्यमिक शाळेत नाव असलेल्या मुलींचं प्रमाण ३२ टक्क्यांनी वाढलं, आणि मुलामुलींमधली तफावत ४० टक्क्यांनी घटली. हा फरक मुख्यतः कुठं दिसला? ज्या गावांपासून शाळा तीन किलोमीटर किंवा त्याहून लांब होती तिथं. तुमची चार किलोमीटरवर आहे.

आता यजमानांचं खत. इथं त्यांची बाजू मला पूर्ण समजते. डीएपीचं पोतं १,३५० रुपयांना आहे, म्हणजे तुमच्या सहा हजारांत चार पोती येतात. पाच एकरांत चार पोती कमी नाहीत. आणि डीएपीतलं स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, पेरणीसोबतच जमिनीत जावं लागतं, मागाहून फेकून पीक ते घेत नाही. म्हणून ते जूनमध्ये पैसा मागत आहेत, हे बरोबरच आहे. त्यांच्याशी बोलताना हेच त्यांच्यासमोर ठेवा. डीएपी आपण दिवाळीला टाकतो का? नाही, पेरणीला टाकतो, कारण तेव्हाच ते लागू पडतं. पोरीच्या सायकलीची पेरणी जूनच्या शेवटी आहे. भांडणाच्या सुरात नको. माझे पैसे आहेत, मी वाटेल ते करीन, असंही नको, जरी ते पैसे खरोखर तुमचेच असले तरी. आणि त्यांच्या माघारी जाऊन घेऊ तर अजिबात नका. ज्या वस्तूवरून घरात आठ दिवस अबोला झाला, तिच्यावर बसताना पोरीला आनंद होणार नाही. तिला वाटेल, हे माझ्यामुळे झालं.

आणि कदाचित या दोन्हींतून एक निवडायची वेळच येणार नाही. ती चौकशी हीच. राज्य सरकारच्या मानव विकास कार्यक्रमात १२५ मागास तालुके आहेत. त्या तालुक्यांत आठवी ते बारावीत शिकणाऱ्या, शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्या गरजू मुलींना सायकलीसाठी पैसे मिळतात. आधी ३,५०० मिळायचे, २०२२ पासून ५,००० रुपये झाले. तुमची मुलगी आठवीत चालली आहे, अंतर चार किलोमीटर आहे. तालुका यादीत आहे का, यंदाचे अर्ज कधी भरायचे, हे नव्या शाळेच्या मुख्याध्यापकांना दाखला न्यायला जाल तेव्हाच विचारा. दुकानात जाण्याआधी विचारा असं मी म्हणते त्याला कारण आहे. पैसे खात्यावर येतात आणि सायकल घेतल्याची पावती शाळेत द्यावी लागते. आधीच घेतलेली सायकल चालेल का, पावती कोणाच्या नावानं हवी, मुलीचं बँक खातं आधारला जोडलेलं आहे का, हे आधी विचारलं नाही तर मागाहून हळहळ. फाट्यावर जाऊन एसटी पकडणं जमत असेल तर बारावीपर्यंत मुलींना मोफत पास आहे, तोही काढून ठेवा. सायकल पंक्चर होते, पाय मुरगळतो, अशा दिवसांसाठी.

योजनेत बसलात आणि पैसे वेळेत आले, तर तुमच्या सहा हजारांतला मोठा भाग खताला मोकळा होतो. बसलात पण पैसे उशिरा येणार असतील, तर तोवर बचत गटातून थोडं कर्ज उचला, पैसे आले की फेडून टाका. योजनेत नाहीच बसलात, तर तालुक्याच्या गावी जुन्या सायकलींचं दुकान बघा. दोन-अडीच हजारांत धड सायकल मिळते, आणि उरलेल्यात दोन पोती डीएपी. नवीनच घ्यायची झाली तर साधी लेडीज सायकल पाच ते सात हजारांत पडते. सावकाराकडून मात्र एक रुपयाही नको. कृषी केंद्रवाला "राहू द्या पैसे, सायकल घ्या, माल आल्यावर बघू" म्हणाला तरी नको. त्या उधारीत दिवाळीचं सोयाबीन आत्ताच विकलं जातं. आणि दिवाळीला दुकानात सूट असते म्हणून थांबू, असं कुणी सुचवलं तर त्यांना सांगा, २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलीवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्के झाला आहे. तो फायदा जूनमध्येही तितकाच मिळतो.

सासूबाईंना दुखवू नका. त्या सायकलीच्या आड येत नाहीत. सणाच्या दिवशी नात रिकाम्या हातानं बसेल ही त्यांची काळजी आहे, आणि त्यांच्या लहानपणी नवं लुगडं, नवी वस्तू वर्षातून त्या एका दिवशीच दिसायची. म्हणून त्यांना यात मानाची जागा द्या. सायकल घरी आली की हँडलला हळदकुंकू त्यांनीच लावावं, नारळ त्यांच्याच हातानं फुटावा, आणि मुलीला त्यांनीच सांगावं, "बाई, हे तुह्या दिवायीचं आहे. दिवायीले आता दुसरं मोठं काही नाही." आजीच्या तोंडून ऐकलेलं पोरं विसरत नाहीत. तेरा वर्षांच्या मुलीला एवढं सरळ सांगितलेलं कळतं. फक्त ते सायकल देतानाच सांगायचं. दिवाळीच्या तोंडावर सांगितलं तर तिला वाटेल आपल्याला फसवलं.

मधल्या काळात या सायकलीला आपोआप सण मिळणारच आहे. दसऱ्याला मोटारसायकल, ट्रॅक्टर धुऊन झेंडूची माळ घालतात, तेव्हा तिचीही सायकल त्या ओळीत उभी राहील. दिवाळीला तिला अंगावर घालायला एक नवा ड्रेस घ्या. चिवडा, अनारसे तर घरात होतीलच. तेवढी दिवाळी पुरते. पोरं दिवाळीची वाट बघतात ती घर सारवलेलं, मामा आलेला, रात्री उशिरापर्यंत जागं राहायला मिळालेलं, या सगळ्यासाठी. कुणी विचारलं, दिवाळीला काय घेतलं, तर तिला सायकलीवर हात ठेवून सांगू द्या. आणि एक गोष्ट घरात सगळ्यांनी पाळा. दिवाळीच्या दिवशी तिचा चेहरा थोडा उतरलाच, शेजारच्या पोरीचं काही बघून, तर "तुला तर आधीच दिलं ना" असं कुणीही म्हणायचं नाही. चेहरा उतरेल, तासाभरात खुलेल. ते वाक्य मात्र वर्षभर टोचत राहतं.

अभ्यासाची अटही घालू नका. "सायकल दिली आहे, आता नव्वद टक्के पाहिजेत" असं सुरू झालं की ती भेट राहत नाही, डोक्यावरचं कर्ज होतं. शाळेत जायला साधन लागतं म्हणून दिली, एवढंच पुरे.

धाकट्याचं वेगळं आहे. आठ वर्षांच्या पोराला दिवाळी म्हणजे किती लांब, हे नीट उमगतच नाही, आणि ताईच्या नव्या सायकलीपुढे तो रडणार, हे धरूनच चला. त्याच दिवशी त्याच्यासाठी काहीतरी आणून तोंड बंद करू नका. तसं केलं तर वस्तू गरजेसाठी नाही, बरोबरीसाठी येते, हे तो शिकेल. त्याला सांगा, ताईची शाळा लांब गेली म्हणून तिची दिवाळी आधी आली, तुझी दिवाळी दिवाळीला. आणि ती मग खरंच दिवाळीलाच येऊ द्या, लहान असली तरी, ठरलेल्या दिवशी. मधे तान्हा पोळा आहेच. लाकडी नंदी सजवून घरोघर फिरला की बोजाऱ्याचे चार पैसे त्याच्या हातात येतील, तेवढ्यावर सप्टेंबर निघून जातो. आणि रोज संध्याकाळी ताईनं त्याला कॅरिअरवर बसवून देवळापर्यंत एक चक्कर मारावी, असं तिच्याशी आधीच बोलून ठेवा.

मागितलं की मिळतं, अशी सवय लागेल का? तिनं मागितलंच नव्हतं, ताई. पण पुढे दोघांपैकी कुणी मागेल म्हणून सांगते. मोठी वस्तू महिनोन् महिने आधी देण्याजोगी असते ती त्या महिन्यांत तिचा उपयोग असेल तरच. शाळेची सायकल, हिवाळ्याआधीचं स्वेटर, दहावीच्या सुरुवातीलाच लागणारं टेबल, हे सगळं त्यात बसतं. मोबाइल त्यात बसत नाही. रिमोटची गाडी बसत नाही, ती पोळ्यापर्यंतही टिकायची नाही. वर्गातल्या कुणाकडे आहे म्हणून हवी असलेली वस्तू तर नाहीच नाही. तिथं सण येईपर्यंत थांबायला लावणंच चांगलं. दोन महिन्यांत ती इच्छाच बदललेली असते.

चकित करू नका, दुकानात घेऊन जा. एक तर तिला कळू द्या की हा शब्द खरा होतो आहे. ते कळल्यावर सायकल घरी येईपर्यंतचे चार-आठ दिवस ती पुन्हा वाट पाहील, विचारत राहील. तेवढं तिला मिळायलाच हवं. दुसरं, २४ इंची की २६ इंची हे वयावरून ठरत नाही, पायावरून ठरतं. सीट पूर्ण खाली करून तिला बसवा, दोन्ही पायांचे चवडे जमिनीला नीट टेकले पाहिजेत. २६ इंचीवर टेकत असतील तर तीच घ्या, बारावीपर्यंत पुरेल. गिअरची नको, गावात दुरुस्त होत नाही. चेन पूर्ण झाकणारं कव्हर आणि मागच्या चाकाला जाळी हवी, नाहीतर गणवेशाची ओढणी अडकते. मागं लाल रिफ्लेक्टर, चांगलं कुलूप. रंग तिला निवडू द्या. यजमानांनाही सोबत घ्या, ब्रेक आणि चाकाचा गोल तेच नीट बघतील, आणि लेकीला सायकल बापानं निवडून दिली, हे तिच्या कायम लक्षात राहील.

आपल्या काळ्या मातीचं एक आहे. पहिल्या पावसानंतर पांदणीनं सायकल घातली की मडगार्ड आणि टायरच्या मधे चिखलाचा गोळा बसतो आणि चाक जागच्या जागी अडतं. ओढून पुढे रेटली तर मडगार्ड वाकतं. कॅरिअरला तुराटीची एक जाड काडी कायम बांधून ठेवायला सांगा, गोळा बसला की उतरायचं, काडीनं काढायचा, मग पुढे जायचं. वाटेत नाला असेल तर पाणी वाहतं असताना सायकल घालायची नाही, पाणी उतरेपर्यंत अलीकडेच थांबायचं किंवा घरी परत यायचं, शाळा बुडाली तरी चालेल, हे तिला पहिल्या दिवसाआधीच स्पष्ट सांगा. आठ-पंधरा दिवसांनी चेनला तेल, आणि पंक्चर काढायला गावातल्याच कुणाकडून शिकून घेऊ द्या तिला, पॅच आणि सोल्यूशनची डबी दप्तरात ठेवायला फार जागा लागत नाही.

मुख्याध्यापक काय म्हणाले ते मला कळवा. तुमचा तालुका यादीत असूनही "बघू, पुढच्या वर्षी" असं उत्तर मिळालं, तर पंचायत समितीतल्या गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या नावानं अर्ज कसा लिहायचा ते मी लिहून पाठवीन.